भिंतीवरचा भाता

किशन भावजी,

तुम्ही सुखी असा, असं लिहिणार व्हते, पण हात वळला न्हाय.

हे गेले, तर तेराव्याचे दिवस व्हायच्या आत तुम्ही त्यांचा बाणांचा भाता भिंतीवरनं उतरवून नेलात. "वयनी, भाता शिवणं बाईमाणसाचं काम न्हाय," म्हणालात. आता ऐका. तो मीच शिवलेला. यांना सुई ओवता येत नव्हती, चहा मात्र झकास करायचे.

त्यावरनं बघून तुम्ही शिवलेले दहा भाते अकलोलीच्या हॉटेलवाल्यानं अंगणात शोभेला टांगले. पावसात सगळे कुजले, गिऱ्हाइकं नाक दाबून पळाली. काल तो माझ्या दारात, "आजी, तुम्ही शिवाल का?" मी इतकी हसले की कवळी सुटली. नात पूर्वा म्हणते, "आजी, पेढे वाटू काय?"

अहो, बोकडाचं कातडं शिवताना केसांचं वळण खाली ठेवायचं, म्हंजी पाणी ओघळून जातं. तुम्ही वर ठेवलंत. भाता नेलात, पण नीट बघितला न्हाय.

आता मी अन् पूर्वा शिवतोय. हे पत्र टपालपेटीत टाकणार न्हाय. टाकलं तर केसांच्या वळणाचं तुम्हाला कळंल.

भाता शिवणारी बाईमाणूस,
तुमची सखीवयनी