झटकलेला खडू

मी, खाली सही करणारा टेलर मास्तर, वय वर्षे त्र्याहत्तर, धंद्यातून निवृत्त (हात थरथरतो म्हणून गिऱ्हाइकांनीच केलेला), हे मृत्युपत्र पूर्ण शुद्धीवर, राजीखुशीने व कोणाच्याही दबावाशिवाय लिहीत आहे. बायकोचा दबाव कायदा मोजत नाही, असे वकिलांनी सांगितले. यापूर्वी मी मृत्युपत्र केलेले नाही. केले असते तर त्यातही खाडाखोडच असती.

१. राहते घर, पुढच्या दुकानाच्या खोलीसह, व बँकेतील शिल्लक माझ्या पत्नीस मिळावी. तिच्या पश्चात मुलीस. स्वयंपाकघराची खिडकी नीट लागत नाही, हे मला माहीत आहे. ती मीच बसवली आहे.

२. शिलाई मशीन व मोठी कात्री मुलीस. त्या कात्रीने कागद कापू नये. तिच्या आईने एकदा कापला होता. मी माफ केले आहे, विसरलेलो नाही.

३. समोरच्या हेडमास्तरांना माझ्याकडून काहीही नाही. त्यांनी भर गल्लीत विचारले होते, "मास्तर, या कोटाच्या बाह्या दोन वेगळ्या माणसांच्या आहेत का?" कोट पाहिला तर त्यांचे म्हणणे खरे निघाले, म्हणून राग जास्त आहे.

४. माझी जुनी मोटार व पान्यांचा डबा धाकट्या भावास मिळावा. कारण पुढील कलमात.

५. हे कलम एकोणीस वर्षे तुंबले आहे, तेव्हा वाचणाऱ्याने बसून घ्यावे.

इंजिनाच्या वरच्या आणि खालच्या चाकाला एका तालात ठेवणारा दातेरी पट्टा, म्हणजे टायमिंग बेल्ट, बदलायला झाला होता. धाकट्याचे गल्लीच्या तोंडाशी स्वतःचे गॅरेज होते. तो म्हणाला, "दादा, गाडी आण, दुपारपर्यंत करून देतो." मी म्हणालो, "तू फक्त पट्टा आणून दे. कोट शिवणाऱ्याला पट्टा बसवता येत नाही होय?" त्याने हात जोडले, नवा पट्टा दिला आणि दोनच गोष्टी सांगितल्या. "जुना काढायच्या आधी दोन्ही चाकांवर रंगाने खुणा कर. आणि नवा बसवलास की किल्ली मारायच्या आधी पाना लावून इंजिन हाताने दोन फेरे फिरव. अडलं तर थांब."

रंग शोधायला उठावे लागले असते, म्हणून मी खिशातला शिंप्याचा खडू घेतला. खुणा सुरेख झाल्या. पट्टा काढला, चाके तेलकट दिसली, आणि कपडा तयार झाला की खडू झटकायचा, या जन्माच्या सवयीने मी फडके घेऊन दोन्ही खुणा लख्ख पुसून टाकल्या. मग नजरेने जुळवले. ही तीच नजर, जिने हेडमास्तरांच्या बाह्या कापल्या. ट्रायल घेतल्याशिवाय मी कोणाला साधी पँट दिली नाही, पण इंजिनाला दोन फेरे द्यायला माझा हात दुखत होता. किल्ली मारली. कडाड् असा आवाज झाला, आतले व्हॉल्व्ह वाकले आणि अख्खी गल्ली बाहेर आली.

"काय झालं हो, मास्तर?"

"धाकट्याने पट्टाच खराब दिला."

बोलून गेलो. शब्द मागे घ्यायला तोंड होते, हिंमत नव्हती. सख्ख्या भावाला असला माल देतो तो आपल्याला काय देईल, असे म्हणत लोक दुसरीकडे जाऊ लागले. दोन वर्षांत त्याने शटर कायमचे ओढले. आज तो दुसऱ्याच्या गॅरेजात पगारावर राबतो आणि माझ्या घरची पायरी चढत नाही. मोटार मी परक्याकडून दुरुस्त करून घेतली. मला याची लाज वाटते. रोज वाटते.

तरी लिहून देतो की पट्टा उत्तम होता. मी तो एक दात चुकवून बसवला. माझ्या पश्चात वकिलांनी हे कलम गल्लीत मोठ्याने वाचावे.

पुरवणी. वरील मजकूर बायकोने वाचला. म्हणाली, "अहो, मेल्यावर कसली कबुली? जिवंतपणी तोंडाला टाके घातलेत का?" आणि साक्षीदार हवा म्हणून तिने थेट धाकट्यालाच बोलावले. तो आला. उभ्या उभ्या सगळे वाचले.

"दादा, एक नाही, दोन दात. गाडी ओढून न्यायच्या आधी मी झाकण उघडून मोजलं होतं."

"मग बोलला का नाहीस रे?"

"तू बोलशील म्हणून थांबलो. इतकं लांबवशील असं वाटलं नव्हतं."

मी रडलो. बायकोने पाणी आणले, ते त्याला दिले.

साक्षीदाराला मृत्युपत्रातून काही घेता येत नाही, असे वकिलांनी त्याला दोनदा समजावले. त्याने पेन मागितले. "मेल्यावरची गाडी नको मला. रविवारी घेऊन ये. पट्टा पुन्हा बदलायला झालाय."

सबब कलम ४ रद्द, मोटार व पान्यांचा डबा मुलीस. कलम ५ मधील "एक" ऐवजी "दोन" वाचावे. "माझ्या पश्चात वकिलांनी" हे शब्द खोडले असून, सदर कलम मी आज दुकानाच्या पायरीवर उभा राहून, धाकट्याला शेजारी घेऊन, गल्लीला वाचून दाखवले आहे. हेडमास्तर समोरून ओरडले, "बाह्यांचंही वाचा!" तेही वाचले.

सही: टेलर मास्तर (थरथरत्या हाताची, मजकूर माझा)

साक्षीदार १: धाकटा भाऊ, मेकॅनिक. यांस या मृत्युपत्राने काही मिळत नाही.
साक्षीदार २: समोरचे हेडमास्तर. यांस आधीपासूनच काही मिळत नव्हते.

ठिकाण: राहत्या घराची पुढची खोली
दिनांक: ९, शुक्रवार. रविवारपर्यंत रंगाची डबी आणणे.