खोड नसलेलं खानदान

घोडेगाव
(तारीख आठवत नाही, पोस्टाचा शिक्का बघ)

तीर्थस्वरूप लंकाअक्का,

धाकट्या गहिनीनाथाचा दंडवत. तुझे गुडघे कसे आहेत? दाजींचा खोकला थांबला, की कर्जतकर अजून जागेच? आम्ही इकडे सगळे ठणठणीत. (पत्रात असं लिहायची रीत आहे म्हणून लिहिलं, पुढं वाच.) फोनच केला असता, पण तुझी सून फोन स्पीकरवर टाकते आणि मग घरातली गोष्ट मला कर्जतच्या स्टँडवर ऐकायला मिळते.

कानिफदादाची एक किडनी काढली, कॅन्सरची गाठ होती, हे तुला माहीत आहेच. पण खरा तमाशा त्यानंतर झाला. गेल्या आठवड्यात पुण्याहून पूजा मॅडम नावाच्या संशोधक आल्या. दादाची ती गाठ म्हणे त्यांनी बर्फात जपून ठेवलीय. (दादाला केवढा अभिमान! जन्मात त्याची एक वस्तू कुणी जपली नव्हती.) हा रोग घराण्याच्या रक्तातून आला की दादाच्या वागण्यातून, ते त्यांना शोधायचंय. त्यांनी समजावलं ते असं: प्रत्येकाच्या अंगात आईबापाकडून आलेली एक पोथी असते, त्यातल्या एकेका ओळीला जीन म्हणायचं. कधी पोथीतच चूक असते, ती पोराबाळांत उतरते. कधी पोथी धड असते, पण धुरानं, तंबाखूनं काही पानं चिकटतात आणि जे वाचायचं तेच वाचलं जात नाही. बाई हुशार, यात वाद नाही. पण हे सांगितलं कुणासमोर? आपल्या सवितावहिनीसमोर!

वहिनी टाळी वाजवून म्हणाली, "पानंच चिकटली! बिड्यांनी!" दादा उसळला, "बिडीचा काय संबंध? ह्ये रक्तातनंच आलंय!" एवढं बोलला आणि त्यानं जीभ चावली. कारण आत त्याची ज्ञानेश्वरी चहा करत होती आणि रविवारी तिला बघायला केडगावचे पाहुणे यायचे होते. रक्तातला रोग म्हणावं तर पोरीचं लग्न मोडतंय, वागण्यातला म्हणावं तर बिडी सुटतेय. बिचाऱ्याची अशी पंचाईत मी कधी बघितली नव्हती. शेवटी त्यानं सगळं हवापाण्यावर ढकललं आणि बिडी पेटवली.

मग मॅडमनी फॉर्म काढला. घरातलं कोण कशानं गेलं ते सांगा म्हणाल्या. अक्का, आम्ही चाळीस वर्षं बाजारात म्हशी विकणारी माणसं. दुसऱ्याची म्हैस घेताना तिच्या आजीचं दूध किती ते विचारायचं आणि आपली विकताना चार पाय मोजून दाखवायचे. समोर कुणी कागद-पेन घेऊन बसलं की आमची जीभ आपोआप चालते. दादानं अख्खं खानदान मॅडमना विकायला काढलं. आजा शंभर वर्षं जगला (बासष्ट). आत्या म्हातारपणानं गेली (पन्नाशीसुद्धा नव्हती). आणि आपले बापू? कावीळ! मॅडमनी मान वर केली तर आम्ही दोघं भाऊ एका सुरात म्हणालो, "एक खोड न्हाई बघा खानदानात." हो, मीसुद्धा. सवय गं. रक्ताच्या चार नळ्या लागतील म्हटल्यावर दादानं बाजारातल्यासारखा उपरण्याखाली बोटं धरून सौदा करायला हात पुढं केला, समोर बाईमाणूस आहे हे ध्यानात येऊन मागं घेतला, पण तोंडानं का होईना, दोन नळ्यांवर आणलंच.

जाताना मॅडम म्हणाल्या, घराण्यात कुणालाच नव्हतं, मग भावंडांना तपासणीला बोलवायची गरज दिसत नाही. असतं तर आपल्याला, पोरांना, सगळ्यांना पुण्याला बोलावणार होत्या. गाठ लहान असताना सापडली तर निघते आणि माणूस राहतो, असंही म्हणाल्या. दादा खूश, माल खपला म्हणून. मला मात्र त्या दिवशी जेवण गेलं नाही.

पाहुणे येऊन गेले. मुलाकडचेही 'आमच्याकडं कुणाला साधी सर्दी न्हाई' म्हणत होते, म्हणजे तेही आमच्याच धंद्यातले. दाजींना नमस्कार, नातवंडांना पापे.

तुझा,
गहिनीनाथ

ता. क. बापूंना कावीळ नव्हती. मी आठ वर्षांचा होतो, तू पंधराची. ओढ्यावर बापूंचं धोतर तूच धुवायचीस. पाणी लाल का, विचारलं तर कुंकू सांडलं म्हणालीस. मॅडमचा नंबर पाकिटाच्या आत लिहिलाय. खरं काय ते तू सांग. तुला जन्मात एक म्हैस विकता आली नाही, तुझ्यावर त्या विश्वास ठेवतील.

दुसरा ता. क. फॉर्मच्या शेवटी मॅडमनी मलाही विचारलं होतं, तुम्हाला काही त्रास? मी म्हणालो, काही नाही. दिवाळीपासून लघवीला लाल होतंय, अक्का. इथं कुणाला बोललो नाही. आधी मॅडमना फोन कर, मग इकडे ये, आणि या वेळी कुंकू म्हणू नकोस.