मागल्या छपराचं माप

तंजावर, गुरुवार

प्रिय अक्का,

टपालातून माझं अक्षर आलेलं बघून तू आधी दचकशील. फोन हाताशी असताना भामाला ही काय बुद्धी झाली, असं म्हणशील. अप्पांनी शिकवलेली बाळबोध अक्षरं हाताला आता नीट येत नाहीत, किराणासुद्धा मी तमिळमध्येच लिहिते. तेव्हा चुका पोटात घाल आणि सावकाश वाच.

आमच्या घराला पुढे गच्ची आहे, पण मागली खोली आणि स्वयंपाकघर अजून कौलारूच आहे, तुला आठवत असेल. गेल्या ऐप्पसीच्या, म्हणजे आपल्या आश्विन-कार्तिकातल्या, पावसात शेजारच्या नारळाची झावळी कोसळली आणि कौलं फुटली. तेव्हापासून पाऊस आला की चुलीशेजारी गळतीखाली मी अंडा, तो मोठा हंडा, मांडून ठेवते. यंदा मात्र ह्यांनी एकदम मनावर घेतलं. कौलं काढायची, पत्रे घालायचे आणि पावसाच्या आत काम उरकायचं. दुकानदार म्हणाला, वळचणीची लांबी आणि वळचणीपासून आढ्यापर्यंतचा उतार, दोन्ही पाख्यांचा मोजून आणा, म्हणजे पत्रे किती लागतील ते सांगतो.

तुला ठाऊक आहे, ह्यांनी पापनाशमच्या शाळेत जन्मभर गणित शिकवलं. खोलीची निम्मी रुंदी घ्यायची, भिंतीच्या माथ्यापासून आढ्याची उंची घ्यायची, की उताराची लांबी जमिनीवर बसून काढता येते. हे मलासुद्धा त्यांनीच शिकवलंय. म्हणून मी म्हटलं, वर कशाला चढता? तर म्हणाले, "माप निघेल गं, पण लाकूड कसं आहे ते खालून दिसत नाही. वाळवी लागली असेल तर? नंतर कोण बघणार?" त्या 'नंतर'मध्ये मला तेव्हा पावसाळाच ऐकू आला.

रविवारी सकाळी शिडी लावली. टेपचं टोक धरून मी परसात वळचणीखाली उभी होते आणि हे कौलांवरून बसत बसत वर सरकत होते. मध्येच थांबायचे. मी विचारलं, काय झालं? म्हणाले, ऊन लागतंय. अक्का, आकाश भरून आलेलं होतं. पुढचं मला नीट सांगता येत नाही. कडकन आवाज झाला, टेप माझ्या हातातून निसटली आणि वर हे कमरेपर्यंतच दिसायला लागले. मी आत धावले. खोलीत धूळच धूळ, खाटेवर खापऱ्या पडलेल्या, आणि वरून ह्यांचे दोन्ही पाय लोंबत होते. वासा मोडला होता. बाजूच्या वाशांवर दोन्ही हात टेकून माझा नवरा लोंबकळत होता.

मी टेबल ओढलं, त्यावर चढले आणि त्यांचे पाय माझ्या खांद्यांवर घेतले. कुठून ताकद आली माहीत नाही. मांडीतून रक्त येऊन माझ्या पदरावर ठिबकत होतं. मी शेजारच्या रम्याच्या नावानं ओरडायला लागले, तर वरून आवाज आला, "ओरडू नको भामा, घाबरू नको." घाबरू नको म्हणत होते आणि त्यांचेच पाय माझ्या खांद्यांवर थरथरत होते. मग म्हणाले, "हात सुटला तर तू बाजूला हो. माझ्या छातीत दुखतंय. तिरुचीच्या डॉक्टरांनी मला चढायला मनाई केली होती." मी म्हटलं, कुठले डॉक्टर? तुम्ही तर तिरुचीला पेन्शनच्या कामाला गेला होता ना? त्यांचं तोंड मला दिसत नव्हतं. वरून फक्त आवाज आला, "हृदयाच्या नळ्या तुंबल्यात. छाती उघडून ऑपरेशन करायचंय. आधी तुझ्या डोक्यावरचं छप्पर करून टाकावं, म्हटलं."

मी त्यांचे पाय आणखी घट्ट धरले आणि पुन्हा रम्याला हाका मारायला लागले.

शेवटी रम्या धावत आली. तिचा नवरा भरद्वाज वर चढला, वाशांवर आडवी फळी टाकली, त्यांच्या काखेत दोरी घातली आणि ओढून काढलं. हॉस्पिटलात मांडीला टाके पडले. छातीत दुखतंय म्हटल्यावर एक रात्र ठेवून घेतलं आणि सोडताना बजावलं, ऑपरेशन लांबवू नका. घरी आल्यावर ह्यांनी पहिलं काय विचारलं असेल? उताराचं माप राहिलं ना? मग मीच टेप घेऊन आतून रुंदी आणि उंची मोजली, खाटेवर बसून त्यांनी हिशेब केला आणि मला पुन्हा मोजायला लावलं, मी बोटभर चुकले होते म्हणून. माप दुकानात गेलंय. पत्रे शनिवारी येतील.

पण अक्का, माझ्या अंगातली भीती काही जात नाही. मोरीत पाणी ओतल्याचा आवाज थांबला की मी दाराशी जाऊन उभी राहते. हे पेपर वाचताना डोळे मिटतात, तर मी मुद्दाम भांडं आपटते. मग ते हसून म्हणतात, आहे गं, आहे. ते हसतात आणि मी स्वयंपाकघरात जाऊन रडते. आमच्या लेकीला, हरिणीला, कळवायचं नाही अशी त्यांनी शपथ घातलीय. तिला आठवा महिना लागलाय, परदेशातून ती येणार तरी कशी? आणि फोनवर तुला तरी काय सांगू? मी फोन उचलला की हे समोर येऊन बसतात.

पुढच्या महिन्यातल्या पहिल्या सोमवारी तिरुचीला ऑपरेशन आहे. कागदावर सही मला करायची आहे. भावोजींना आत नेलं तेव्हा तू बाहेरच्या बाकावर एकटी बसली होतीस. आम्ही पोचलो तोवर सगळं संपलं होतं, आणि त्यानंतर तू हॉस्पिटलची पायरी चढली नाहीस. मला सगळं आठवतंय. तुला तसल्याच बाकावर पुन्हा बसायला बोलवणं किती वाईट आहे, हेही कळतंय. तीनदा लिहून फाडलं. पण ते दार बंद झाल्यावर एकटीनं बसायला मला फार भीती वाटते गं. दुसऱ्या कुणाचा हात मला चालणार नाही. अक्का, तू ये.

तुझीच,
भामा