शेवटचे दोन आकडे

प्रिय भिंगरी,

माझी खुशाली आईकडून कळतच असेल. गुडघा कुरकुरतो, स्वभाव होता तसाच आहे. निवृत्त झालो तरी आठवड्यातून दोनदा संग्रहालयाच्या शस्त्रांच्या खोलीत जातो. नवे लोक चहा पाजतात आणि माझं ऐकल्यासारखं करतात.

त्या दोन युद्धकाळातल्या रायफली आठवतात? ग्रीसने माखलेल्या आल्या आणि आपण दोघांनी एकाच टेबलावर उघडून साफ केल्या. पहिली युद्धाच्या सुरुवातीची, लाकूड गुळगुळीत, नळीभोवतीच्या कड्या घडीव. दुसरी शेवटच्या वर्षातली, घाईघाईची. कड्या पत्र्याच्या, कानशीचे ओरखडे तसेच. जोडल्यावर पहिलीच्या बोल्टला, गोळी आत ढकलणाऱ्या त्या दांड्याला, भरीव मूठ दिसली. सुरुवातीच्या रायफलींची मूठ आतून पोकळ असते, शेवटच्यांची भरीव. मी हरखलो. दोन काळांमधला दुर्मीळ नमुना सापडला म्हणून माझ्या पुस्तकात अख्खं प्रकरण लिहिलं.

तू म्हणालीस, बाबा, आपल्याच हातून बोल्टची अदलाबदल झाली. मी नंबर दाखवून तुला गप्प केलं. बोल्टवर रायफलीच्या नंबरातले शेवटचे दोनच आकडे असतात, आणि ते जुळत होते. दोन्ही रायफलींचे शेवटचे आकडे सत्तेचाळीसच आहेत, हे तू प्रकाशनाच्या दिवशी सांगायला आलीस, तर मी पाहुण्यांसमोर तुला पोरकट म्हणालो. महिन्याभरात तू संग्रहालयातली नोकरी सोडलीस. तुझ्या लग्नालाही मी आलो नाही. मोजदादीचं काम आहे, असं आईला सांगितलं. ती शुद्ध थाप होती.

दुसरी रायफल त्याच कपाटात, खालच्या खणात होती. पडताळायला दोन मिनिटं पुरली असती. नऊ वर्षं मी तो खण उघडला नाही, कारण तुझंच खरं निघेल याची भीती वाटायची. परवा उघडला. बोल्ट बदलून पाहिले, झिजेच्या खुणा बरोबर खुणांवर बसल्या. तिथेच स्टुलावर बसून रडलो. स्वतःची लाज वाटली आणि तुझी फार आठवण आली.

पुस्तकाची नवी आवृत्ती निघते आहे. ते प्रकरण मी काढलं. त्या जागी एका पानावर चुकीची कबुली आहे, आणि चूक कोणी शोधली तेही. छापखान्याला तुझं पूर्ण नाव हवं आहे. लिहायला बसलो आणि अडलो. लग्नानंतर तू कोणतं आडनाव लावतेस, हे मला माहीतच नाही. आईला विचारता आलं असतं, पण तुलाच विचारावंसं वाटलं. कळवशील?

तुझाच हेकट
बाबा