नऊ दगडांची जागा

१० फेब्रु. १९६५, दुबई
मिस एलनने आजही इथे शिकलेल्या हिंदीत विचारलं, "उस्मान, पत्थर रखा?" रखा. शाळेच्या अंगणात खांब रोवलाय. रोज बाराच्या ठोक्याला सावलीच्या टोकाशी एक दगड ठेवायचा, शुक्रवारीसुद्धा. सूर्य सरकतो तशी दगडांची वाकडी रांग वर्षाने फिरून पहिल्या दगडाशी येते. बाईंचा जन्म अमेरिकेत पोरांना विज्ञान शिकवण्यात गेला. पुस्तक मिटा, डोळे उघडा, हा त्यांचा धडा. आता त्यांचेच डोळे गेलेत. एप्रिलात वर्ष पुरं झालं की परत जाणार. तोवर बघायचं काम माझं, शाळेच्या शिपायाचं.

२१ फेब्रु.
बोटीने घरचं पत्र. सकीना गेली. तापाने. सोळा दिवस झाले, आणि मी इथे रोज जेवत होतो. चार वर्षांची पोर माझी. ईदचा फ्रॉक पाठवायचा राहिला तो राहिलाच.

३ मार्च
नऊ दिवस खोलीतच. ताप आहे असं शाळेत कळवलं. आज गेलो, नऊ दगड अंदाजाने एकदमच मांडले. बाईंना कुठे दिसतंय.

६ मार्च
बाई वाळूत गुडघ्यांवर बसून एकेक दगड चाचपत गेल्या. त्या नऊपाशी हात थांबला.
"ये किसने रखे?"
"मैंने."
"देखके?"
मी बोटाने वाळू उकरत राहिलो.
"बाकी सब टेढ़े हैं. ये बहुत सीधे हैं, उस्मान."
मग सकीनाचं सांगितलं. इथे पहिल्यांदाच कुणाला. रडू आवरेना. बाई कितीतरी वेळ माझा हात धरून बसल्या. आणि नंतर नऊच्या नऊ उचलून माझ्या ओंजळीत दिले! "जगह ख़ाली रखो. उन दिनों किसी ने नहीं देखा, बस."
राग आला. लेकरू नाही, हिला काय कळणार. रिकामी जागा मात्र बघवत नाही.

११ एप्रिल
आजचा दगड गेल्या वर्षीच्या पहिल्या दगडाला टेकला. वर्ष पुरं, तेवढी फट सोडून. संध्याकाळी बाई बोटीवर चढल्या. चेहरा माझ्याकडे नव्हता, भलतीकडेच. "अगले साल, वही तारीख़ें. सूरज वहीं आएगा. तुम देखना."
इन्शाल्ला म्हणालो.

१४ एप्रिल
बायकोचं, जुबेदाचं पत्र. एकच ओळ: आता तरी घरी या, एकटीला घर खायला उठतं.
गेलो तर त्या नऊ दिवसांत इथे कोण बघणार? राहिलो तर तिच्याजवळ कोण?
नऊ दगड पेटीत आहेत, फ्रॉकच्या खाली. उत्तर लिहायला बसलो. सलाम लिहिला, तब्येत विचारली, पुढे