पार्टी पक्की आहे ना?

उल्हासनगर, कॅम्प नं. ४
मंगळवार, ११ नोव्हेंबर २०२५

प्रिय स्वप्नाली,

इकडे आम्ही बापलेक खाऊनपिऊन ठणठणीत आहोत. तू पाय वर ठेवून पडून राहतेस ना, एवढंच आधी कळव. आण्णांना आणि आईंना नमस्कार.

बायकोला पत्र लिहायची माझी ही पहिलीच वेळ. डॉक्टरांनी "मोबाईल बंद, विश्रांती चालू" असं सांगितलं आणि तुझ्या आईने तुझा फोन तांदळाच्या डब्यात पुरला. रविवारी येतो तेव्हा तुझ्या खाटेभोवती माहेरची अर्धी खरवई बसलेली असते. तिच्यासमोर घाटावरच्या जावयाने "जेवलीस का?" यापुढे काय विचारायचं? म्हणून हे टपाल. हरेश बटणांच्या दुकानात कामाला रोज कॅम्प तीनला येतोच, त्याच्या डब्याच्या पिशवीतून पत्रं येतील. तो तुझा भाऊ असल्यामुळे उघडून वाचणार, म्हणून चिकटपट्टी लावली आहे. हरेश, वाचत असशील तर वाच, पण परत नीट चिकटव.

आता तुझ्या चिरंजिवांच्या बातम्या.

शुक्रवारी शाळेतून मला बोलावणं आलं. गणिताच्या मॅडमनी दुसरीच्या मुलांना घरी करायला दहा गणितं दिली. यज्ञेश उभा राहिला आणि म्हणाला, "मॅडम, दहा जास्त होतात. लास्ट बोला, सहा." मॅडम म्हणाल्या, दहा म्हणजे दहा. तर म्हणे, "बरं, तुमचं नको, माझं नको. आठ." हे सगळं मॅडम मला सांगत होत्या आणि मी मान खाली घालून उभा. आवाज त्याचा असेल, पण बोलणं शब्दन् शब्द माझं. मॅडमनी विचारलं, "घरी कोणाचं ऐकून बोलतो हो हा?" मी सांगितलं, "आमच्या शेजारी सगळे व्यापारी राहतात."

माझ्या पोळ्या तो आधी ट्यूबलाइटसमोर धरून बघतो. भोक दिसलं की बाजूला ठेवतो. "पप्पा, हा पीस रिजेक्ट." आपल्या जीन्सच्या कारखान्यात चेकिंगच्या टेबलावर शिलाई सुटलेल्या जागी लाल बाणाचं स्टिकर लावतात ना, त्याचा अख्खा कागद त्याने उचलून आणला आहे. पोळीवर बाण. गळक्या नळावर बाण. काल दुपारी मी जरा आडवा झालो होतो, तर डोक्यावर केस कमी झालेत तिथे बाण. तसाच मी बाजारात जाऊन आलो. भाजीवालीने सांगितलं तेव्हा कळलं.

आणि रोज झोपताना एकच प्रश्न. "पप्पा, पार्टी पक्की आहे ना?" हातात येईपर्यंत नाव काढायचं नाही, ही तुझ्या आईची ताकीद. तेव्हापासून आपल्याकडे येणाऱ्या त्या पाहुण्याला आम्ही दोघं, धंद्यात गिऱ्हाइकाला म्हणतात तसं, पार्टी म्हणतो. मी म्हणतो, "पक्की." तो म्हणतो, "ॲड्रेस बरोबर दिलाय ना?" मी म्हणतो, "दिलाय." मग झोपतो.

या रविवारी येता आलं नाही. लग्नसराईचा माल अडकला होता.

पायांची सूज उतरली का? हरेशला विचारलं की "बरी हाय" म्हणतो. मशीनच्या आवाजावरून कुठली सुई तुटणार ते मला कळतं, पण हरेशच्या "बरी हाय" मधून काहीच कळत नाही.

तुझा,
कैलास

*

उल्हासनगर, कॅम्प नं. ४
शुक्रवार, १४ नोव्हेंबर

प्रिय स्वप्नाली,

तुझी चिठ्ठी मिळाली. सूज उतरली हे वाचून बरं वाटलं. खाली लिहिलंस, "आपला माल रविवारी कधीपासून निघायला लागला?" त्याचं उत्तर शेवटी देतो.

आज बालदिन. वर्गात सगळ्यांना विचारलं, मोठेपणी कोण होणार? पोलीस, डॉक्टर, पायलट झाले. आपला म्हणाला, "चेकर." मॅडमना वाटलं, तिकीट तपासणारा. हा म्हणाला, "नाही. माल बघणारा. खराब असेल तर पुढे जाऊ देत नाही." घरी आल्यावर मी म्हटलं, अरे, मालक होणार म्हणायचं. तर म्हणे, "मालक फोनवर खोटं बोलतो." मी पार्टीला "गाडी निघाली" म्हणतो तेव्हा माल अजून सुईखाली असतो, हे त्याने कधीच टिपलंय. बाप सावध असावा असं पोर आहे.

शाळा सुटली की तो कारखान्यातच असतो. कटिंगच्या टेबलाखाली बसून अभ्यास करतो. हल्ली त्याचं आणि जयदेव मास्टरचं काहीतरी गुपित चाललंय. मी गेलो की दोघं गप्प. पण माझे कान तुला माहीत आहेत. काल मी ऑफिसात हिशेब करत होतो आणि कोपऱ्यातलं मशीन चालू होतं. घुर्र, थांबलं. घुर्र, थांबलं. मोठ्या माणसाच्या पँटीत एवढी आखूड शिलाई कुठेच नसते. मला राहवलं नाही. उठून गेलो तर मास्टरने काहीतरी झटकन मांडीखाली घेतलं आणि यज्ञेश जोरजोरात चारचा पाढा म्हणायला लागला.

संध्याकाळी मास्टर गेल्यावर मी बघितलं. काय होतं ते मग कधीतरी सांगेन. पोराचा खेळ आहे, दुसरं काही नाही. पण मी ते पटकन होतं तिथेच ठेवलं. तू मनावर घेऊ नकोस. प्रेशरची गोळी वेळेवर घे.

आता माल. माल अडकला नव्हता. यज्ञेश यायला तयार नव्हता.

त्याने शर्ट घातला, बूट घातले, तुझ्यासाठी घेतलेला सुतरफेणीचा डबा हातात घेतला आणि दारात बसून राहिला. "तुम्ही जा पप्पा. मी नको." का रे? तर "नको". पोटात दुखतंय का? "नाही." आजी रागावली का? बाकी दिवसभर तोंडाला विश्रांती नाही आणि त्या एका प्रश्नाला कुलूप. त्याला शेजारी ठेवून मी एकटा येऊ शकलो असतो. पण तू पहिलं विचारलं असतंस "यज्ञेश कुठाय?" आणि मी काय सांगणार होतो? शेवटी त्याचा शर्ट काढला, तर आत बनियनवर छातीशी लाल बाण लावलेला.

तेव्हा मी हसलो गं. मला वाटलं, नळाला लावला, मला लावला, आता स्वतःला लावला.

या रविवारी घेऊन येतो. उचलून आणतो.

तुझा,
कैलास

*

उल्हासनगर, कॅम्प नं. ४
गुरुवार, २० नोव्हेंबर

स्वप्नाली,

तू चिठ्ठीत फक्त प्रश्नचिन्ह काढून पाठवलंस. रागावलीस, आणि बरोबर आहे. गेल्या रविवारीही आलो नाही. बदलापूरच्या रिक्षात बसवलं तर हा दांड्याला धरून रडायला लागला. रिक्षातल्या बायका माझ्याकडे पळवून नेणाऱ्यासारख्या बघायला लागल्या. उतरलो.

आज सगळं लिहितो. आधी पाणी पी, उशी नीट घे आणि मग वाच. घाबरण्यासारखं काही नाही. घाबरलो ते मी.

काल दुपारी कमलेशभाईंचा फोन आला. आपला माल धुवायला त्यांच्याकडेच जातो. म्हणाले, "कैलासभाई, आपके माल में पानी जास्ती गरम हो गया क्या? एक पँट इतनी-सी निकली है! पूरा लॉट सिकुड गया तो मैं जिम्मेदार नहीं हूं!" धावत गेलो. त्यांच्या तळहातावर एक जीन्स होती. तळहाताएवढीच. दोन खिसे, मागे चामड्याचा तुकडा, सगळं. दगडांबरोबर धुऊन फिकी झालेली, गुडघ्यावर पांढरी पडलेली. गेल्या आठवड्यात मास्टरच्या मशीनखाली मी बघितली होती ती हीच. तेव्हा गडद निळी होती, नवी कोरी.

ती खिशात घालून परत आलो आणि कापडाच्या गठ्ठ्यांमागे थांबलो. पलीकडे टेबलाशी हे दोघे बोलत होते.

मास्टर म्हणत होता, "मुन्ना, धुलके आने दे. घुटने पे तूने इतना पॉलिश पेपर मारा है, फट जाएगी."

"फटने दो. पुराना दिखना चाहिए."

"अरे, पर नया अच्छा नहीं लगता क्या?"

"पार्टी को नया नहीं चलता मास्टर. नया आया तो पार्टी वापस जाती है. पहले वाली गयी ना. मैंने टोपी ली थी. नयी."

मास्टरने कात्री खाली ठेवली. मी खिशातली पँट बाहेर काढून बघितली.

तुला ती टोपी आठवते. पिवळी, सशाच्या कानांची. दोन वर्षांपूर्वी बाजारात त्याने स्वतः निवडली होती आणि घरी येईपर्यंत स्वतःच्याच डोक्यावर ठेवली होती. डॉक्टरांनी नंतर सांगितलं, नाळेचा वेढा बसला होता. ते आपल्याला सांगितलं. त्याला आपण काय सांगितलं? "पाहुणा आला नाही." पाच वर्षांचं पोर, त्याला काय कळतंय, म्हणून विषय बंद केला.

दिवाळीत आम्ही तिकडे आलो होतो तेव्हा तुझी आई पडवीत शेजारणीला सांगत होती, "आदी नवा कपरा घरान आनाचा नसतं. मांगच्या खेपेला टोपी आनली व्हती, मंग घात झाला ना. पोराच्या आंगाला पयला जुनाच कपरा लागतं." मीही ऐकलं होतं आणि चहा पीत बसलो होतो. माझ्या कानांचा मला फार अभिमान आहे. माझ्या शेजारी बसून आणखी कोण ऐकतंय, हे मात्र दिसलं नाही. आईंना दोष देत नाही. त्यांचाही जीव तुटलेला आहे, म्हणून बोलल्या.

टोपी आपण आणली म्हणून तेव्हापासून हा तुझ्याजवळ यायला घाबरतो. छातीवर बाण का लावला, ते मला काल कळलं.

काल त्याला स्कूटरवर पुढे उभा करून घरी आणला. वाटेत थांबून उसाचा रस घेतला. मी म्हटलं, "यज्ञू, टोपीमुळे काही झालं नव्हतं. डॉक्टरांनी सांगितलंय. पोटातच त्रास झाला होता."

त्याने ग्लासातून माझ्याकडे बघितलं. "पक्कं?"

"पक्कं."

"गाडी निघालीवालं पक्कं, का खरं पक्कं?"

स्वप्नाली, एवढी वर्षं धंदा केला, भल्याभल्यांना बोलण्यात गुंडाळलं, पण या पोरापुढे माझा माल खपेना. मी म्हटलं, "खरं पक्कं." त्याचा विश्वास बसला नाही. मग म्हणाला, "आजी बोलली तरच. नियम तिचा आहे." ग्लास परत देताना विचारलं, "ती टोपी कुठाय?" मी म्हटलं, टाकली. ते पुन्हा गाडी निघालीवालंच होतं. टोपी कटिंगच्या टेबलाच्या खणात, खडूच्या डब्यामागे आहे. तुलाही सांगितलं नव्हतं. फेकवत नाही आणि घरी आणायचा धीर होत नाही. पोराला म्हणतो टोपीमुळे काही होत नाही, आणि तीच टोपी घराबाहेर ठेवतो. काय म्हणायचं मला?

परवा तुझ्या भावाचा फोन नुसता कट झाला तर मी मशीन बंद करायला सांगून रस्त्यावर आलो होतो. चपला न घालता. दिवसातून कितीदा असं होतं ते सांगत नाही.

आता काम ऐक. हरेशच्या पिशवीत डब्याखाली ती पँट आहे. तुझ्या आईच्या हातात दे आणि सगळं सांग. जावई म्हणून मला त्यांच्यापुढे तोंड उघडता येत नाही, तू मुलगी आहेस. त्यांना म्हणावं, नियम मोडलेला नाही. तुमच्या नातवाने नवी पँट घासून, दगडांत धुऊन जुनी केली आहे, आमच्या उल्हासनगरात तोच धंदा आहे. हाताला लावून बघा, धोतरासारखी मऊ झालीय. वापरायची नसेल तर वापरू नका, चुलीत घाला, माझं काही म्हणणं नाही. पण रविवारी आम्ही येऊ तेव्हा यज्ञेश फाटकाच्या आत पाय टाकणार नाही. "आजी येईपर्यंत बाहेर थांबणार," असं आमचं ठरलंय. मी आधी आत यायला सांगितलं, तो रिक्षातच बसणार म्हणाला, फाटकावर सौदा पटला. त्यांनी फाटकापर्यंत यावं. टोपीचं खरं काय ते त्याला त्यांच्या तोंडून सांगावं, आणि हात धरून तुझ्याजवळ आणावं. गुडघे दुखतात त्यांचे, माहीत आहे. तेवढं करा म्हणावं.

आणि तो आला की त्याचा हात पोटावर ठेव. लाथ लागू दे त्याला. चेकर आहे, स्वतः तपासल्याशिवाय मानणार नाही.

तीन पत्रं झाली आणि एक शब्द मी कुठेच लिहिला नाही, तुझ्या लक्षात आलं असेल. दोन वर्षांपूर्वी तो शब्द दिवसातून शंभरदा तोंडात असायचा, म्हणून यावेळी दातांत धरून बसलो होतो. आज सकाळी यज्ञेशने बनियनवरचा बाण काढला. शाळेत जाताना, माझ्यासमोर. पुरता निघाला नाही, थोडा डिंक राहिलाय. त्याने एवढं केलं, मग मी कुणाला घाबरू?

रविवारी भेटू.

तुझा, यज्ञेशचा आणि बाळाचा,
कैलास