पंजाची चादर

२० ऑगस्ट, रविवार. सकाळी ६.१०
रोजनिशी सुरू. काल उदयसिंह सरांचं प्रेरणा शिबिर झालं, जेवणासह. माझं चौथं. त्यांचा नियम : रोज तीन कृतज्ञता लिहायच्या. मोठी माणसं लिहितात म्हणे. सातवी पास माणसाने सोळा मागांचा चादरीचा कारखाना उभा केला म्हणजे मोठा तर मी झालोच आहे. लिहायचं तेवढं राहिलं होतं.
आजच्या :
१. माझी मेहनत.
२. माझे कान. सोळा माग धडाडत असताना कुठल्या मागाचा धागा तुटला, ते ऑफिसात बसून सांगतो.
३. तिसरी उद्या.
बायकोला, शालनला, वाचून दाखवलं नाही. स्वतःचा नंबर कितवा ते विचारेल.

२१ ऑगस्ट
होटगीच्या आपल्या जुन्या शाळेतून फोन. शुभदा मॅडम, मुख्याध्यापिका. शिक्षक दिनाला प्रमुख पाहुणा मी. विषय : मला घडवणारे गुरू. थप्पडवाली गोष्ट सांगाच म्हणाल्या, सगळ्या स्टाफने क्लिप पाहिली आहे.
ही गोष्ट म्हणजे माझं हुकमी पान. सातवीत सिद्धाराम गुरुजींनी भर वर्गात माझ्या कानफटात दिली आणि म्हणाले, कुंडलिक, तुझ्या हातून काही होणार नाही. त्याच क्षणी ठरवलं! इथे मी थांबतो, पाणी पितो. लोक डोळे पुसतात. सहा वर्षांत बावीस ठिकाणी सांगितली. क्लिपला दोन लाख व्ह्यूज.
कृतज्ञता : १. थप्पड. बाकी दोन त्यातच आल्या.

२४ ऑगस्ट
शुभदा मॅडमचा पुन्हा फोन. सरप्राइज आहे म्हणे. सिद्धाराम गुरुजी हयात आहेत! वय चौऱ्याऐंशी, अक्कलकोटला नातीजवळ असतात. स्टेजवर तुमच्या शेजारी बसवणार.
मी म्हटलं, वा वा.
फोन ठेवून दोन ग्लास पाणी प्यायलो. मी धरून चाललो होतो की... असो.
नोंद, फक्त माझ्यासाठी : थप्पड अगदी गुरुजींनीच मारली असं नाही. ती मारली एका मुकादमाने, मी पहिल्यांदा कारखान्यात लागलो तेव्हा. तो काही बोललाही नव्हता, जेवायच्या घाईत होता. गुरुजी कुणावर हात उचलत नसत. ते आम्हाला पटांगणात डोळे मिटून बसवायचे आणि जाणाऱ्या मालगाडीचे डबे कानाने मोजायला लावायचे. हे मी उदयसिंह सरांना पहिल्याच शिबिरात सांगितलं होतं. ते म्हणाले, डब्यांत इम्पॅक्ट नाही, एखादी थप्पड आहे का? होती. फक्त माणूस बदलला.
गोष्ट भावनेने खरी आहे.

२५ ऑगस्ट
शांत डोक्याने प्लॅन :
अ) गुरुजींना आधी भेटून तयार करणे.
ब) भाषणांत शेवटचा नंबर आपला ठेवणे. माझ्यानंतर माईक कुणाच्या हाती जाता कामा नये.
क) अशी भेट देणे की माणूस भारावून गप्प बसेल.
तीन मुद्दे. लोक मला उगाच हुशार म्हणत नाहीत.

२७ ऑगस्ट, रविवार
अक्कलकोटला जाऊन आलो. गुरुजी खाटेवर बसलेले. पांढरा शर्ट, धोतर, डोळे तेच. नात पायल बँकेत आहे. मला बघून तिने पाणी आणलं, पण तांब्या जरा आपटूनच ठेवला. म्हणाली, अज्जा तुमचा व्हिडिओ रोज बघतात. बरं वाटलं. चौऱ्याऐंशीव्या वर्षी माझे फॉलोअर.
गुरुजींनी विचारलं, कुठल्या कानाखाली रे?
मी म्हटलं, डाव्या.
लई जोरात?
मी म्हटलं, आशीर्वादासारखी, गुरुजी.
ते उजव्या हाताकडे बघत राहिले. मग म्हणाले, मला आठवत न्हाई की रे. लई आठवून बघतो. वय झालं.
आठवत नाही! मुद्दा अ निकालात.
चपला घालताना पायल हळू आवाजात म्हणाली, चार महिने झाले, त्यांचं जेवण तुटलंय. मी म्हटलं, या वयात कमीच जेवावं. आतून गुरुजींचं कानडीत पुटपुटणं ऐकू येत होतं. माझी कानडी कारखान्यापुरतीच, पण कान तयार. ‘मारलं असेल का, मारलं असेल का’ असं काहीतरी. बहुतेक डास.

३० ऑगस्ट
मुद्दा क. सोलापूरच्या माणसाने द्यायचं काय, चादर! पण दुकानातली नाही, खास विणलेली. मधोमध उघडा पंजा, खाली अक्षरं : ‘घडवणाऱ्या हातास वंदन’. डिझाइन कॉम्प्युटरवर चढवलं. विणकर म्हणाला, शेट, एका पीससाठी माग अडवायचा? म्हटलं, कृतज्ञतेला मोजमाप नसतं.
शालनने चित्र बघितलं. म्हणाली, निवडणूक लागली का काय?
समजावून सांगितलं. तर म्हणाली, ‘व्हय, म्हंजे गुरुजींच्या अंगावर थप्पड पांघरणार. अवो, मी बी त्याच शाळेत होते की. गुरुजींनी कुनाला टिचकी तरी मारलेली का? तुमी हे स्टेजवर बोलता तवा मी मान खाली घालून बसते.’
शालन माझ्यामागे दोन वर्षं होती. थप्पड तिच्या वर्गाच्या आधीची.
(हे इथे कशाला लिहिलं? इथे तर कुणी वाचत नाही.)

२ सप्टेंबर
चादर मागावरून उतरली. वीण अशी की दुकानदारही हात फिरवत राहील. पण पंजा जरा मोठा झाला. जरा म्हणजे जेवणाच्या ताटाएवढा. बोटं सोडून. लाल जमीन, पांढरा पंजा. उलटी करून बघितली. सोलापुरी चादरीचं हेच कौतुक, दोन्ही बाजूंनी नक्षी पक्की. उलटीकडे पांढऱ्यावर लाल पंजा. ती बाजू जास्त ताजी वाटते.
दुपारी शुभदा मॅडमचा फोन. शेवटचं भाषण गुरुजींचं. त्यांनी स्वतः मागून घेतलंय, सगळ्यांसमोर तुम्हाला काही सांगायचंय म्हणे. मी म्हटलं, प्रमुख पाहुणा मी आहे. त्या म्हणाल्या, सर, तुमच्याच गुरूंना नाही कसं म्हणायचं?
मुद्दा ब गेला.
कृतज्ञता : आज वेळ नाही.

४ सप्टेंबर. पहाटे ५.००
म्हणजे त्यांना आठवलंय. उद्या सहाशे पोरं, गावचे पंच, माझे दोन व्यापारी, मोबाईलचे कॅमेरे, आणि गुरुजी म्हणणार, मी याला मारलं नाही. बावीस ठिकाणची गोष्ट तिथल्या तिथे खलास.
तयारी :
गुरुजी ‘नाही’ म्हणाले तर हसून म्हणायचं, थोर माणसं आपलं दिलेलं विसरतात.
परत ‘नाही’ म्हणाले तर चादर पांघरायची. चादर जाड आहे.
तिसऱ्यांदा म्हणाले तर राष्ट्रगीत.
छातीत धडधडतंय. शालनला सांगितलं. म्हणाली, खरं बोला, थांबतंय का बगा. डॉक्टरकडे जायला वेळ नाही.

५ सप्टेंबर, शिक्षक दिन
पहिलं भाषण माझं. ‘त्याच क्षणी ठरवलं’ इथे थांबलो, पाणी प्यायलो. शेजारी गुरुजी मान खाली घालून बसलेले. लोकांनी डोळे पुसले. मग मी चादर उलगडली. पहिल्या रांगेतलं कुणीतरी ‘अगंबाई’ म्हणालं. गुरुजींच्या खांद्यावर टाकली, तर पंजा बरोबर छातीवर बसला. शुभदा मॅडमनी लगबगीने येऊन चादर उलटी केली. तिकडूनही पंजा.
मग गुरुजी उठले. माईक घेतला. मी राष्ट्रगीताच्या तयारीत.
ते म्हणाले, ‘बत्तीस वर्षं शिकवलो. पोरावर हात टाकायचा न्हाई, हा एकच नियम पाळला असं समजत होतो. मला दुसरी कमाई न्हाई. पण कुंडलिक मोठा माणूस झाला, तो खोटं कशाला बोलेल? मारलो असणार. मला आठवत न्हाई, हे त्याहून वाईट.’
आणि माझ्याकडे वळून दोन्ही हात जोडले. चुकलं रे बाळा, माफ कर.
पंजाखाली दोन जोडलेले हात.
मी उठलो. खरं सांगायलाच उठलो होतो, हे इथे स्पष्ट लिहून ठेवतो. माईक हातात घेतला. सगळे कॅमेरे माझ्याकडे. तोंडून निघालं :
‘गुरुजी, मी तुम्हाला केव्हाच माफ केलं.’
टाळ्या थांबेनात. शालन शेवटच्या रांगेत होती. उठून गेटबाहेर निघून गेली.

६ सप्टेंबर
नवी क्लिप सुसाट. ‘असा शिष्य होणे नाही.’ उदयसिंह सरांचा मेसेज : जबरदस्त इम्पॅक्ट.
शालन बोलत नाही. चहा ठेवते आणि जाते. कपाच्या आवाजावरून राग किती ते कळतं. आज दोन बश्या फुटल्या.
संध्याकाळी पायलचा फोन. मी आपला ‘बोला, बोला’ म्हटलं. ती म्हणाली, ‘काका, गल्लीतली पोरं काल अज्जांच्या पाया पडायला आली. अज्जा त्यांच्या डोक्यावर हात ठेवत नाहीत. हात पाठीमागे घेऊन बसतात. तुम्हाला फक्त कळवलं.’ आणि फोन ठेवला.
कृतज्ञता : सुचत नाही.

७ सप्टेंबर
अक्कलकोट. शालन न विचारता गाडीत बसली. वाटेत एक अक्षर नाही.
गुरुजी खाटेवर, हात पाठीमागे. चादर घडी करून कोपऱ्यात. घडी नीट घातलेली, पण दोन बोटं बाहेर दिसत होती.
तीन मुद्दे पाठ केले होते. पहिलाही आठवला नाही. म्हटलं, गुरुजी, तुम्ही मारलं नव्हतं. मुकादमाने मारलं.
म्हणाले, परत म्हण.
परत म्हटलं.
पायलकडे बघून म्हणाले, तिला ऐकू येईल असं म्हण.
तिसऱ्यांदा म्हटलं. गुरुजींनी हात पुढे घेतले, उलटसुलट करून बघितले. मग म्हणाले, पायल, भाकरी आण.
दीड भाकरी खाल्ली. आम्ही तिघं बघत बसलो. पाणी पिऊन म्हणाले, ‘कुंडलिक, जिथं जिथं सांगितलास, तिथं तिथं जाऊन हे सांगायचं. होटगीपासून सुरुवात कर. पोरं आहेत तिथं आधी.’
म्हटलं, गुरुजी, बावीस ठिकाणं आहेत.
म्हणाले, मग लवकर निघ की.
परतताना शालन म्हणाली, गाडी हळू चालवा. म्हणजे बोलली.

९ सप्टेंबर, शनिवार
होटगी. सकाळचा परिपाठ. कॅमेरे नाहीत, पंच नाहीत. शालन भिंतीला टेकून उभी.
भाषण लिहून नेलं होतं : प्रामाणिकपणाचं महत्त्व, चार पानं. शुभदा मॅडम म्हणाल्या, सर, दोन मिनिटं. मी सांगितलं, सिद्धाराम गुरुजींनी मला कधीच मारलं नाही. मी खोटं बोललो.
टाळ्या नाहीत. मला वाटलं होतं, थोड्या तरी पडतील.
पुढच्या रांगेतली एक मुलगी उभी राहिली. दोन वेण्या, लाल रिबिनी. म्हणाली, ‘मग तुमी मोठे कसे झालात?’
मेहनत म्हणणार होतो, तेवढ्यात मागच्या रुळांवरून मालगाडी निघाली. आवाजात बोलणं शक्य नव्हतं. नुसता उभा राहिलो. डोळे कधी मिटले कळलं नाही. गाडी गेली आणि तोंडून निघालं, अठ्ठावन्न.
पोरं हसली. गेटजवळचा शिपाई म्हणाला, बरोबर हाय की, मी बगून मोजले.
ती मुलगी अजून उभीच. न बघता कसं कळलं?
म्हटलं, गुरुजींनी शिकवलं. डोळे मिटून बसवायचे. याच कानांवर माझा कारखाना चालतो.
ती म्हणाली, ‘मग आधी हेच का न्हाय सांगितलं?’
सहाशे पोरं माझ्याकडे बघत होती. शालनही.
आजच्या कृतज्ञता :
१. घंटा झाली.